सोपानआबांची पाण्याची बाटली

मी हे रागावून लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकतो. परत येऊन दोन महिने झाले. आल्या आल्या लिहिलं असतं तर नको ते शब्द कागदावर उतरले असते, म्हणून थांबलो. मधल्या काळात इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेला तीन पत्रं पाठवली. तिसरं पोचपावतीसह पाठवलं. पोचपावती आली, उत्तर आलं नाही. शाळेचं आणि गावाचं नाव मी इथे देत नाही. ज्यांची ही हकिकत आहे त्यांना त्याच गावात राहायचं आहे, आणि गावाचं नाव घालू नका असं त्यांनीच मला बजावलं आहे.

माझी सगळी नोकरी औषधांच्या कारखान्यात बाटल्या तपासण्यात गेली. उजेडासमोर बाटली धरायची, बुडबुडा दिसला की बाजूला, तडा दिसला की बाजूला. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, मी जुन्या बाटल्यांना लागलो. शाईच्या, अत्तराच्या, गोटी सोड्याच्या, काढ्याच्या. आमच्या सौभाग्यवती सुनंदाबाई म्हणतात, या घरात पाणी प्यायला भांडं सापडत नाही, बाटल्या मात्र हव्या तेवढ्या.

पंच्याण्णव सालच्या जानेवारीत पुण्याच्या जुन्या बाजारात मला एक फौजी बाटली मिळाली. जाड पत्र्याची, वरून निळा मुलामा दिलेली, कमरेला टेकावी म्हणून एका अंगानं आत दबलेली. तोंडाला बूच, बुचाला सुतळी. बुडाशी बाणाचा ठसा, म्हणजे सरकारी माल, आणि ठशाखाली दुसऱ्या महायुद्धातलं एक साल. अंगावर एक खाकी खोळ होती, कसर लागलेली, ठिगळं मारलेली. सामान साफ करायची माझी एक पद्धत आहे. त्या पद्धतीप्रमाणे मी ब्लेडनं खोळ कापून काढली आणि केराच्या बादलीत टाकली. आत निळ्या मुलाम्यावर लाल रंगात तीन अक्षरं निघाली : सो. धों. जा. बुडाशी एक कागदी चिठ्ठी होती, निम्मी फाटलेली. तिच्यावर शाळेचा शिक्का, ‘वस्तू क्रमांक ९’ आणि सुवाच्य अक्षरात ‘सो. धों. जाधव’.

शाळेतली वस्तू बाजारात आली कशी? चोरीची असेल तर परत द्यायला हवी, असं माझ्या मनानं घेतलं. बाजारातला विक्रेता म्हणाला, माल बारामतीच्या रफिकभाईकडून येतो. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी बाटली टॉवेलात गुंडाळून मी स्वारगेटला एसटीत बसलो.

बारामती, गुरुवार

रफिकभाईंचं भंगाराचं दुकान एमआयडीसीच्या रस्त्याला आहे. मी पोचलो तेव्हा पाळी बदलत होती. मोटारसायकलींची रांगच्या रांग आत चालली होती आणि तेवढीच बाहेर येत होती. प्रत्येकीवर दोघं, कुठे तिघं, हँडलला जेवणाचे डबे. पुण्यात आम्ही बारामती म्हटलं की डोक्याला मुंडासं बांधलेला माणूस डोळ्यांपुढे आणतो. मला तरी तिथे पहिल्या तासात निळा गणवेश आणि गळ्यात ओळखपत्र घातलेलीच माणसं दिसली.

रफिकभाई साठीचे, पांढरी दाढी, डोळ्याला जाड भिंगं. मी टॉवेल सोडला आणि त्यांनी बाटली लगेच ओळखली. शाळेनं दिवाळीच्या सुट्टीत मोडक्या बाकांचं लोखंड विकलं होतं, त्यात एका पोत्यात हे सगळं आलं. एक जुनं कुलूप, तांब्याचं घंगाळ, चरख्याचं चाक, ही बाटली. प्रत्येकावर चिठ्ठी. त्यांना वाटलं पोतं चुकून आलं. पुढच्या खेपेला ते मुद्दाम शाळेत जाऊन सांगून आले. शाळेतून उत्तर मिळालं की चुकून नाही, दिलं आहे, घेऊन जा.

“नाव लिहिलेली वस्तू आली की मी फोडत नाही, साहेब,” रफिकभाई म्हणाले. “दोन महिने फळीवर ठेवली. नावाचा माणूस येईल म्हटलं. कुणी आलं नाही, मग पुण्याला पाठवली.”

म्हणजे चोरी नव्हती. शाळेनं आपल्या हातानं, मुद्दाम जाऊन विचारल्यावरही, विद्यार्थ्यांना दाखवायच्या वस्तू भंगारात घातल्या होत्या. माझा पारा तिथेच चढायला लागला. रफिकभाईंनी चहा मागवला. पुण्यात आम्ही पाहुण्याला ‘चहा घेणार का?’ असं विचारतो आणि उत्तर ‘नको’ येईल अशा बेतानं विचारतो. इथे कुणी विचारतच नाही, कप हातात येतो.

दुपारी एका खानावळीत जेवलो. बाजरीची भाकरी, पिठलं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. गूळ घातलेल्या आमटीवर वाढलेल्या माझ्या जिभेनं पहिल्या घासाला हात जोडले. वाढणाऱ्या बाईंनी न सांगता वर तेलाची धार सोडली आणि म्हणाल्या, आता खावा. खाल्लं.

इंदापूरच्या वाटेवर, शुक्रवार

सकाळच्या एसटीनं निघालो. वाटेत वालचंदनगर लागतं. एका रेषेत बांधलेल्या चाळी, सारख्या रंगाचे बंगले, दुतर्फा झाडं, आणि सगळ्यावर मळीचा गोडसर आंबट वास. शेजारचे गृहस्थ म्हणाले, हा वास आला की आम्हाला घरी आल्यासारखं वाटतं. मला आमच्या कारखान्यातल्या कार्बोलिकचा वास आठवला आणि त्यांचं म्हणणं पटलं.

पुढे उसाची एक ट्रॉली कलंडली होती. अर्धा तास गाडी उभी. लोक उतरले आणि आपापसात ऊस वाटून घेऊ लागले. ट्रॅक्टरवाल्याला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट तोच कांडी मोडून देत होता. एका आजींनी माझ्या हातात एक कांडं ठेवलं. नको म्हणायला जमलं नाही. दुसऱ्याच चाव्याला माझा वरचा पुढचा बसवलेला दात निखळून उसात राहिला. तेव्हापासून शनिवार संपेपर्यंत माझ्या तोंडून ‘स’ निघाला की शिट्टी वाजत होती. रागावलेल्या माणसाला याहून वाईट शिक्षा नाही.

शाळा गावाबाहेर, ओढ्याच्या काठाला आहे. मुख्याध्यापक माझ्याहून बरेच तरुण, सफारी घातलेले, अतिशय नम्र. मी बाटली टेबलावर ठेवली. त्यांनी ती हातात न घेता पाहिली आणि म्हणाले, हो, हो, आमच्याच संग्रहातली. मग कपाटातून शाळेच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका काढून माझ्यापुढे ठेवली. त्यात बाटलीचा फोटो होता आणि खाली छापलं होतं : ‘कै. सोनबाराव धोंडिराव जाधव यांनी दुसऱ्या महायुद्धात वापरलेली पाण्याची बाटली.’ हे सोनबाराव शाळेच्या सध्याच्या अध्यक्षांचे चुलते.

मी विचारलं, इतकी मोलाची वस्तू, अध्यक्षांच्या चुलत्यांची, तर ती भंगारात का दिली? ते म्हणाले, जागेची अडचण. ज्या कपाटात वस्तू होत्या तिथे आता क्रीडास्पर्धांची ढाल आणि रंगीत टीव्ही ठेवला आहे. मी टीव्ही पाहिला. त्याच्यावर विणलेला रुमाल होता. मी म्हटलं, मुलांनी त्या वस्तू बघायच्या होत्या. ते म्हणाले, मुलं टीव्ही बघतात. मग घड्याळाकडे बघून त्यांनी मला सल्ला दिला की इतक्या लांब आलाच आहात तर नरसिंहपूर करून जा, संगम फार सुंदर आहे. त्या दोन दिवसांत ज्याला ज्याला माझ्याशी बोलणं संपवायचं होतं त्यानं त्यानं मला नरसिंहपूरला जायला सांगितलं. संगम सुंदर असेलच. मी अजून पाहिलेला नाही.

मी चिडून व्हरांड्यात आलो. तिथे शाळेच्या शिपाई शेवंताबाई माठ भरत होत्या. त्यांनी टॉवेलातून डोकावणारी निळी बाटली पाहिली आणि हातातली कळशी खाली ठेवली.

“सोपानआबाची बाटली व्हय ही?” त्यांनी हळूच विचारलं.

मी म्हटलं, सोनबाराव जाधवांची, असं पुस्तकात आहे.

“पुस्तकात कायबी असंल. सोनबा कधी इंदापुराफुडं गेलं न्हाय.” त्यांनी दाराकडे एकदा पाहून घेतलं. “सोपान धोंडी जाधव. आमच्या बुद्धवस्तीतलं. हायत की आबा. कॅनॉलच्या कडंला घर हाय.”

कॅनॉलच्या कडेला, शुक्रवार दुपार

दोन किलोमीटर चालत गेलो. एका बाजूला उभा ऊस, दुसऱ्या बाजूला ज्वारी हुरड्याला आलेली. घर दोन खोल्यांचं, पक्कं, पुढे झेंडूचा वाफा. दारात बाजेवर एक उंच म्हातारे गृहस्थ पाठ ताठ ठेवून वर्तमानपत्र वाचत होते. पंच्याहत्तरीच्या आसपासचे. पांढरा शर्ट, धोतर, चष्म्याला दोरा. मी नाव सांगितलं, आपटे, पुण्याहून आलो. आतून त्यांची सून रेखा पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी तांब्या तोंडाला लावला, पाणी प्यायलो, ओठ पुसले. तेवढा वेळ आबा वर्तमानपत्र खाली धरून माझ्याकडे बघत होते. ते का बघत होते हे मला तासाभरानं कळलं.

मग मी टॉवेल सोडला.

त्यांनी बाटली दोन्ही हातांत घेतली. लाल अक्षरांवरून अंगठा फिरवला. ती उलटी केली, सुलटी केली आणि विचारलं, “खोळ कुठाय?”

मी सांगितलं. कसर लागली होती, म्हणून कापून टाकली. खोळ काढली नसती तर ही लाल अक्षरं दिसली नसती, असंही वर म्हटलं. माझ्या दातातून शिट्टी वाजली.

मग रेखानं मला सांगितलं. फौजेची मूळ खोळ ब्रह्मदेशातच कुजून गेली होती. आबा परत आले तेव्हा त्यांच्या बायकोनं, सखूबाईंनी, त्यांच्या फौजी कोटाच्या बाहीतून नवी शिवली. शिवणकाम त्यांना येत नव्हतं, शेजारणीकडून शिकून घेतलं. फाटली की त्याच ठिगळ लावायच्या. सखूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात त्यांचा फोटो नव्हता, कधी काढलाच नव्हता. लुगडी नात्यातल्या बायकांना देऊन टाकलेली. त्यांच्या हातचं म्हणून जे काही उरलं होतं ते त्या खोळीवर होतं.

मी गुरुवारपासून साऱ्या तालुक्यावर रागावत आलो होतो. शाळेनं निदान खोळीसकट विकली होती. ती केरात टाकली मी, माझ्या स्वतःच्या घरात, हात साबणानं धुऊन. मला तिथून उठून जावंसं वाटलं. मी माफी मागितली. आबा म्हणाले, तुमाला ठावं न्हवतं. मग म्हणाले, “ठावं न्हवतं म्हनून इचारायचं असतं, सायेब.”

तोवर जेवणाची वेळ टळून गेली होती. रेखानं हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. माडगं मी जन्मात पहिल्यांदा खाल्लं. दात नसलेल्या माणसाला त्याहून सोयीचं अन्न नाही. जेवताना आबा आपण होऊन बोलायला लागले.

ते युद्धाच्या काळात भरती झाले, मालमोटारींच्या तुकडीत. लाल अक्षरं तिथल्याच एका जोडीदारानं गाड्यांचे नंबर रंगवायच्या रंगानं काढून दिली, कारण बाटल्यांची अदलाबदल व्हायची. ब्रह्मदेशात एकदा पुढचा पूल उडवला गेला आणि त्यांची गाडी जंगलात अडकली. सात माणसं होती, सात ठिकाणची, सात जातींची. पाणी शेवटी याच एका बाटलीत उरलं होतं. बुचानं मोजून एकेक घोट, असे दोन दिवस काढले. सातही जण जिवंत परतले. त्यातल्या एकानंही बाटली तोंडाला लावण्याआधी पुसली नाही, हे आबांनी दोनदा सांगितलं.

लढाई संपली आणि ते गावी आले. उन्हाळा होता. अंगावर खाकी, पायात बूट, खांद्याला बाटली. एसटी तेव्हा नव्हती, स्टेशनापासून बैलगाडीनं आणि पुढे चालत आले होते. गावात शिरताना तहान लागली. वाटेत विहीर होती, बायका-माणसं पाणी भरत होती. आबा पायरी उतरायला लागले.

“म्हनलं, आता कोन अडीवतंय. मी फौजेतला मानूस,” आबा म्हणाले. “तर एक जन फुडं झाला. म्हनला, सोपान, तितंच थांब. बाटली दगडावर ठिव आन मागं सर. मी ठिवली. त्यानं वरनं पानी वतलं. हातभर उंचावनं. बाटलीचं तोंड एवढंसं. निम्मं पानी भुईवर गेलं.”

“प्यायलात ते?” मी विचारलं.

“न्हाय. तितंच उपडी केली आन घरला गेलो.”

मी विचारलं, पाणी ओतणारा कोण होता? आबांनी ताटातला शेवटचा घास संपवला, हात धुतला आणि मग सांगितलं. सोनबाराव.

शाळेतून मागून आणलेली स्मरणिका मी पिशवीतून काढली आणि ते पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांना ते ठाऊक होतं. मिलिंदनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, ते छापून आल्याच्या आठवड्यात घरी आणून दाखवलं होतं. तो बारामतीला दूध प्रकल्पात नोकरीला आहे. तो शाळेत जाऊन बोलला होता, तर पुढच्या अंकात दुरुस्ती करू असं उत्तर मिळालं. रौप्यमहोत्सवाला पुढचा अंक नसतो, हे मिलिंदलाही समजत होतं.

ज्या हातानं त्या बाटलीत वरून पाणी ओतलं, तो हात आता पुस्तकात त्याच बाटलीचा मालक झाला होता. नामसाधर्म्यानं एखादी चूक होऊ शकते, मान्य. पण त्या गावातल्या साठीपुढच्या प्रत्येक माणसाला ती बाटली कोणाची हे माहीत होतं. स्मरणिका घरोघर वाटली गेली होती. एकानंही पेन घेऊन ओळ खोडली नव्हती.

मी विचारलं, बाटली शाळेला दिलीतच का? आबा म्हणाले, पंधरा-वीस वर्षांपूर्वी एक मास्तर होते, कोकणाकडचे. ते वस्तीवर आले, ओट्यावर बसून ही हकिकत त्यांनी लिहून घेतली आणि बाटली मागितली. दर पंधरा ऑगस्टला ते आबांना बोलावत. आबा मुलांना जंगलातली गोष्ट सांगत आणि विहिरीचीही सांगत. नाव घेत नसत. मास्तरांची बदली झाली आणि बोलावणं थांबलं. चिठ्ठीवरचं ते सुवाच्य अक्षर त्यांचं होतं.

मला त्याच पावली शाळेत जायचं होतं. आबा म्हणाले, आता शाळा सुटली असंल. उद्या शनवार, सकाळची शाळा. उद्या जाऊ. संध्याकाळी मिलिंद घरी आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मला मोटारसायकलवरून इंदापूरला लॉजवर सोडलं. वाटेत तो एवढंच म्हणाला की तुम्ही उद्या रागावू नका, आबांना ते आवडत नाही.

शाळेत, शनिवार

आबा इस्त्रीचा शर्ट आणि काळी टोपी घालून फाट्यावर उभे होते. बाटली त्यांनी खांद्याला लावली होती. रेखानं सकाळी जुन्या पिशवीचा बंद तिला बांधून दिला होता. पदक वगैरे काही लावलं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाले, हायत पेटीत.

मुख्याध्यापकांनी आम्हाला पाहिलं आणि लगेच अध्यक्षांना निरोप पाठवला. अध्यक्ष जीपनं आले. पन्नाशीचे, हसरे, वागायला मोकळे. आल्या आल्या त्यांनी आबांचे दोन्ही हात धरले आणि मला म्हणाले, आबा आमच्या घरचेच. स्मरणिकेत झालं ते छपाईत झालं, सो. धों. दोघांचंही सारखंच. आता आपण असं करू, आबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू, नवं काचेचं कपाट घेऊ, बाटली त्यात ठेवू.

मी उभा राहिलो. पाठ करून आलो होतो ते सगळं बोललो. छपाईची चूक म्हणता, मग मुलगा सांगायला आला तेव्हा काय केलंत? जिवंत माणसाच्या जागी दुसऱ्याचं नाव छापलंत, आणि वर ती वस्तू मोडीत घातलीत. मी एवढ्या मोठ्यानं बोलत होतो की शेजारच्या वर्गातला पाढ्यांचा आवाज थांबला. माझ्या दातातून प्रत्येक शब्दाला शिट्टी वाजत होती आणि मुख्याध्यापक हसू दाबत होते.

“सायेब, तुमी बसा,” आबा म्हणाले. “तुमी सांच्याला पुन्याला जानार. मला हितंच ऱ्हायचंय.”

मी बसलो. मला ते लागलं, पण त्यात चुकीचं काहीच नव्हतं.

मग आबांनी बाटली टेबलावर ठेवली आणि अध्यक्षांना सांगितलं की शाल नको, कपाटही नको. बाटली मी शाळेला परत देतो. दोन गोष्टी करायच्या. प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांनी मुलांना वाचून दाखवायचं की ही बाटली सोपान धोंडी जाधवांची. आणि त्या विहिरीवर काय झालं तेही वाचायचं. नाव कुणाचं घेऊ नका, जे घडलं ते वाचा.

अध्यक्ष म्हणाले, पहिली गोष्ट सोमवारी करू, हवं तर आजच करू. दुसरी कशाला, आबा? जुनं झालं ते. आता गावात असलं काही आहे का? सगळे एका नळाचं पाणी पितात.

“व्हय, पित्यात,” आबा म्हणाले. “म्हनूनच सांगायचं. कुठनं कुठं आलो त्ये पोरास्नी कळंल.”

अध्यक्षांनी मान हलवली. उगाच मनं कलुषित होतात, असं ते म्हणाले. मुख्याध्यापकांनी त्यांना दुजोरा दिला आणि अभ्यासक्रमात ते बसत नाही असंही सांगितलं. पाच मिनिटं अशीच गेली. मग आबांनी टेबलावरची बाटली उचलून परत खांद्याला लावली.

“ऱ्हाऊ द्या मग,” ते म्हणाले आणि बाहेर पडले.

मी त्यांच्या मागोमाग गेलो. मनात आलं, सगळं फुकट गेलं. तेवढ्यात शेवंताबाईंनी घंटा दिली. शनिवारची शाळा सुटली. मुलं दप्तरं घेऊन भराभरा बाहेर आली आणि निळी बाटली खांद्याला लावलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाहून थबकली. मघाशी ऐकलेल्या आरडाओरड्याचं कुतूहलही असणार. आठवीतली असेल अशी एक मुलगी पुढे झाली. तिनं विचारलं, आजोबा, ही कसली बाटली?

आबांनी बंद काढला आणि बाटली तिच्या हातात दिली. मुलांचं कोंडाळं झालं. आबा तिथेच उभं राहून सांगायला लागले. मालमोटार, जंगल, उडवलेला पूल, सात माणसं, बुचानं मोजलेलं पाणी. मुलं एका हातातून दुसऱ्या हातात बाटली देत होती, कोणी बूच काढून आत बघत होतं. मग ते विहिरीवर आले. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. दगडावर बाटली ठेवली, मागे सरलो, हातभर उंचीवरून पाणी ओतलं, निम्मं भुईवर गेलं. हात किती उंच होता ते त्यांनी स्वतःचा हात वर करून दाखवलं.

अध्यक्ष आणि मुख्याध्यापक व्हरांड्यात येऊन उभे होते. शाळा सुटली होती, अंगण सगळ्यांचं होतं. थांबवायचं तर काय म्हणून थांबवणार?

“कुणी ओतलं?” त्या मुलीनं विचारलं.

आबांनी व्हरांड्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं आता नाव घेणार.

“घरला जावा आन इचारा,” आबा म्हणाले. “तुमच्या आज्याला इचारा, आजीला इचारा. समद्यास्नी ठावं हाय.”

मुलीनं बाटली त्यांच्या हातात परत दिली. मुलं पांगली. काही गावाकडे, काही ओढा ओलांडून मळ्यांकडे, काही कॅनॉलच्या वाटेनं, जेवायला घरी. जाताना ती आपापसात बोलत होती आणि मागे वळून बघत होती. अध्यक्ष जीपमध्ये जाऊन बसले. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं, पण अंगणातून रस्त्यापर्यंत मुलंच मुलं होती. शेवटचं मूल फाटकाबाहेर पडेपर्यंत जीप तशीच घुरघुरत उभी राहिली.